बर्फ नको म्हणून व्हिक्टोरिया?

"ताई, आम्ही गेली काही वर्षं कॅनडात, टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला आहोत. कर्ज काढून घेतलेलं टाऊनहाऊस आहे. यजमान टोरंटोच्या एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम घरून करतात. मी डेकेअरमध्ये ईसीई, म्हणजे लहान मुलांची प्रशिक्षित शिक्षिका आहे. मुलगी चौथीत. सासूबाई ७१ वर्षांच्या, मूळच्या रेवदंड्याच्या, सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना लांब मुक्कामासाठी मिळणाऱ्या व्हिसावर, आमच्याकडे असतात. गेल्या जानेवारीत दारातल्या बर्फावरून पाय घसरला आणि त्यांचं मनगट मोडलं. तेव्हापासून थंडीत त्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. उन्हाळ्यात मात्र बागेतल्या पंजाबी आणि गुजराती आज्यांबरोबर त्यांचं छान जमतं. जुलैमध्ये यजमान मित्राकडे व्हिक्टोरियाला जाऊन आले आणि घरात दुसरा विषयच उरला नाही. तिथं बर्फ पडत नाही, समुद्र आहे, आईला बरं वाटेल, घर विकू आणि जाऊ, असं त्यांचं चाललंय. माझं मन घेत नाही. शनिवारची मराठी शाळा, गणपती, हाकेच्या अंतरावरच्या मैत्रिणी हे सगळं सोडून नुसत्या हवेसाठी जायचं? सासूबाईंना विचारलं की 'तुम्ही ठरवाल ते' म्हणतात. मी आडमुठेपणा करतेय का?"
– ब्रॅम्प्टनची एक वाचक

नाही, हा आडमुठेपणा नाही. घर, नोकरी, शाळा आणि माणसं एकदम हलवायची म्हटल्यावर ज्याचा पाय अडत नाही, त्याचीच मला जास्त काळजी वाटते. पण तुमच्या यजमानांचंही चुकलेलं नाही. सत्तरी ओलांडलेलं माणूस वर्षातले पाच महिने चार भिंतींत काढत असेल, तर हवा हे शहर बदलायला पुरेसं कारण आहे. त्या वयात भूक, झोप, गुडघे, मन सगळं रोजच्या चालण्यावर टिकून असतं. मी व्हिक्टोरियातच राहते, इथली हवा मला मनापासून आवडते. माझं मत आधीच सांगून टाकते: या, पण भाड्याच्या घरात या, ब्रॅम्प्टनचं घर न विकता या, आणि इथला नोव्हेंबर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय येऊ नका.

आधी हवेबद्दल बोलू, कारण सगळं तिथून सुरू झालंय. व्हिक्टोरिया कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या व्हँकुव्हर बेटाच्या दक्षिण टोकाला आहे. सामुद्रधुनीपलीकडे अमेरिकेतले ऑलिंपिक पर्वत उभे आहेत. पॅसिफिकवरून येणारे ढग बराचसा पाऊस त्यांच्यावरच पाडून मोकळे होतात आणि हे शहर त्यांच्या पर्जन्यछायेत राहतं. त्यामुळे समोरच्या मुख्य भूमीवरच्या व्हँकुव्हर शहराच्या विमानतळावर वर्षाला ११००-१२०० मिलिमीटर पाऊस होतो, तेव्हा व्हिक्टोरियाच्या जुन्या, समुद्राकाठच्या भागात ६००च्या थोडा वर होतो. पुण्याहूनही कमी. फक्त तो आपल्या सवयीच्या उलट्या महिन्यांत येतो. जुलै-ऑगस्ट कोरडे ठणठणीत असतात, गवत पिवळं पडतं, बागेला पाणी घालायचे दिवस ठरवून दिलेले असतात. पाऊस ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत. तुमचे यजमान जुलैत आले, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात देखण्या महिन्यात आले. संध्याकाळी नऊपर्यंत उजेड, घाम नाही, चिलट नाही, बंदरात पाण्यावर उतरणारी छोटी विमानं. त्या महिन्यात इथं कुणीही हरखून जाईल.

थंडीचं म्हणाल तर दावा खरा आहे. जानेवारीत दुपारी सात-आठ अंश, रात्री तीन-चार. तुमच्याकडे त्याच रात्री पारा उणे दहाच्या आसपास असतो. फेब्रुवारी सरता सरता इथं चेरी फुलायला लागते. मात्र 'बर्फ पडत नाही' हे खरं नाही. बहुतेक हिवाळ्यांत दोन-चार दिवस पडतो, आणि शहराला त्याची सवय नसल्यामुळे तेवढ्यानंच सगळं ठप्प होतं. रस्त्यांना उतार आहेत, बर्फ हटवणाऱ्या गाड्या थोड्या, बरेच लोक हिवाळी टायर घालत नाहीत. १९९६च्या डिसेंबरात तर एका दिवसात ६० सेंटीमीटरहून जास्त बर्फ पडला होता. जुने लोक अजून त्याच्या आठवणी काढतात. म्हणजे सासूबाईंनी वर्षातले पाच-सात दिवस घरात थांबायचं आणि बाकीचे दिवस बाहेर पडायचं, असा हा हिशेब आहे. ब्रॅम्प्टनच्या तुलनेत हे खूप आहे.

आता जे जुलैत दिसत नाही ते. इथला हिवाळी पाऊस रेवदंड्यासारखा कोसळत नाही. तो भुरभुरतो, थांबतो, पुन्हा भुरभुरतो, आणि आकाश आठवडा-आठवडा राखाडी राहतं. व्हिक्टोरिया ब्रॅम्प्टनहून बरंच उत्तरेला आहे, त्यामुळे डिसेंबरच्या मध्याला दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा असतो, तुमच्याकडच्यापेक्षा पाऊण तासानं कमी. तुमच्या कडाक्याच्या थंडीत निदान बर्फावर लख्ख ऊन तरी पडतं. इथं ते ऊन नोव्हेंबरात शोधावं लागतं. काही माणसांना याचा अजिबात त्रास होत नाही. काहींचं मन मात्र खरोखर खचतं, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे ऐकून कळत नाही, राहूनच कळतं. तुम्ही तुमच्या स्वतःच्या मनाबद्दल पत्रात काही लिहिलेलं नाही. ढगाळ दिवसांत तुम्हाला काय होतं? मुलीला काय होतं? याचं उत्तर सासूबाईंच्या गुडघ्यांइतकंच महत्त्वाचं आहे.

समुद्राबद्दलही बोलून घ्या त्यांच्याशी. रेवदंड्याच्या माणसाला समुद्र म्हटलं की वाळू, पाण्यात पाय, सकाळचा मासळीबाजार डोळ्यांसमोर येतो. इथलं पाणी बारा महिने गारठलेलं, साधारण आठ ते बारा अंशांचं. किनारे बहुतेक दगडगोट्यांचे, लाटांनी आणून टाकलेल्या ओंडक्यांचे. पाय बुडवायची इच्छाच होत नाही. पण डॅलस रोडला समुद्राच्या कडेनं पायवाट आहे, जागोजागी बाकं आहेत, स्वच्छ दिवशी समोर ऑलिंपिकची बर्फाळ शिखरं दिसतात, आणि जानेवारीतही म्हातारी माणसं तिथं कोट घालून फिरत असतात. मासे म्हणाल तर सामन आणि हॅलिबट ताजे मिळतात, मे महिन्यात इथली स्पॉट कोळंबी येते आणि ती अप्रतिम असते. पापलेट, सुरमई, बोंबील गोठवलेलेच, तेही मिळतील तेव्हा.

दोन धोके असे आहेत की मित्राच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर त्यांचा विषय निघत नाही. एक उन्हाळ्यातला. २०२१च्या जूनअखेर ब्रिटिश कोलंबियावर उष्णतेचा घुमट बसला. व्हिक्टोरियातही पारा चाळिशीला टेकला आणि प्रांतात ६१९ माणसं उष्म्यानं गेली. त्यांतली बहुतेक वयस्कर होती आणि घरातच गेली, कारण या किनाऱ्यावरच्या जुन्या घरांत एसी नसतो. ज्या हवेला सौम्य म्हणून आपण येतो, तिच्यासाठी बांधलेली घरं त्या चार दिवसांत भट्टी झाली. काही वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वणव्यांचा धूरही येतो. सासूबाई सोबत असतील तर घर बघताना एक तरी खोली थंड ठेवता येईल का हे विचाराच, पश्चिमेच्या मोठ्या खिडक्यांना भुलू नका.

दुसरा धोका भूकंपाचा. या किनाऱ्यासमोर समुद्रतळाशी कॅस्केडिया नावाचा पट्टा आहे, तिथं एक भूस्तर दुसऱ्याखाली सरकतो. २६ जानेवारी १७०० रोजी तिथं सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याची तारीख इतकी नेमकी कळली ती जपानमधल्या त्सुनामीच्या नोंदींवरून. पुढचा कधी, ते कुणी सांगू शकत नाही. शाळांमध्ये मुलांची कवायत होते, घरात पाणी, औषधं, टॉर्च असं सामान बांधून ठेवायचं असतं, आणि घराच्या विम्यात भूकंप वेगळा घ्यावा लागतो, त्यात भरपाईआधी स्वतःच्या खिशातून सोसायची रक्कमही मोठी असते. घाबरून येऊच नका असं मी म्हणत नाही, आम्ही राहतोच आहोत. पण हे ठाऊक असून यावं.

घराचा मुद्दा मात्र सविस्तर बोलायला हवा, कारण इथंच चांगली चांगली कुटुंबं अडकतात.

व्हिक्टोरिया कॅनडातल्या महागड्या शहरांपैकी आहे. बेट आहे, जमीन मर्यादित, आणि देशभरातून निवृत्त झालेली माणसं आपापली घरं विकून पैसे घेऊन इथं येतात. व्हिक्टोरिया, ओक बे, सानिच या भागांत स्वतंत्र घर दहा लाख डॉलरच्या बरंच वर जातं. ब्रॅम्प्टनचं टाऊनहाऊस विकून, कर्ज फेडून जे उरेल त्यात इथं बहुधा अपार्टमेंट येईल, फार तर लँगफर्डकडे टाऊनहाऊस. लँगफर्ड वाईट नाही. नवी घरं, मुलांची घरं, २०१६ ते २०२१ या काळात वस्ती तीस टक्क्यांहून जास्त वाढलेला भाग. पण तिथून सकाळी शहरात यायचा एकच मोठा हायवे आहे, त्याची कोंडी इथं सगळ्यांच्या तोंडी असते, आणि डॅलस रोडची पायवाट तिथून गाडीनं गाठावी लागते. म्हणजे ज्या समुद्रासाठी आणि ज्या चालण्यासाठी यायचं, ते पुन्हा 'वीकेंडला जाऊ' यादीत जातं. माझ्या मते, तुमच्या घरासाठी सपाट रस्त्यावरचं लहान भाड्याचं घर, जिथून सासूबाई एकट्या चालत किराण्याच्या दुकानापर्यंत, लायब्ररीपर्यंत, बाकापर्यंत जाऊ शकतील, ते चार बेडरूमच्या लांबच्या घरापेक्षा मोलाचं. जेम्स बे असा सपाट आणि समुद्रालगतचा भाग आहे. विद्यापीठाजवळचा गॉर्डन हेड कुटुंबांसाठी चांगला.

विकू नका म्हणते त्यामागे पैशाचं साधं गणित आहे. घर विकताना एजंटचं कमिशन जातं. इथं विकत घेताना प्रांताचा मालमत्ता हस्तांतरण कर भरावा लागतो: पहिल्या दोन लाखांवर १ टक्का, त्यापुढं वीस लाखांपर्यंत २ टक्के. दहा लाखांच्या घरावर १८,००० डॉलर झाले. आणि वर्षानं 'नाही जमत' म्हणून परत जायचं ठरलं, तर पुन्हा कमिशन आणि पुन्हा तुमच्या ऑन्टारिओ प्रांताचा कर. एवढे पैसे एका प्रयोगावर कशाला घालवायचे? त्यापेक्षा तिकडचं घर वर्ष-दोन वर्षं भाड्यानं द्या. भाडेकरू नीट पारखून घ्या, कारण ऑन्टारिओत भाडेकरूंचे तंटे निकाली निघायला फार वेळ लागतो. आणि राहतं घर भाड्यावर दिल्यामुळे पुढं विक्रीच्या नफ्यावर कर लागू नये यासाठी एक पर्याय आयकराच्या विवरणात नोंदवता येतो, साधारण ४ वर्षांपर्यंत त्याचा उपयोग होतो. ते आपल्या अकाउंटंटकडून आधीच करून घ्या, मागून धावपळ नको.

इथं भाड्याचं घर मिळणं पूर्वी फार कठीण होतं. २०२१ ते २०२३ या काळात रिकाम्या घरांचं प्रमाण शंभरात दोनसुद्धा नव्हतं. आता थोडं सैल झालंय, पण दोन बेडरूमचं भाडं ऐकून दचकायला होईलच. भाडेकरू म्हणून तुमच्या बाजूनं काही गोष्टी आहेत. अनामत अर्ध्या महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि राहत्या भाडेकरूचं भाडं वर्षाला किती वाढवायचं याची कमाल मर्यादा प्रांत ठरवतो. २०२५ साली ती ३ टक्के होती. घर बघायला जाल तेव्हा कपाटं भिंतीपासून सरकवून मागं बघा. उत्तरेच्या भिंतीला, खिडकीच्या चौकटीला, कपड्यांच्या कपाटात बुरशीचे काळे ठिपके आहेत का? या दमट हिवाळ्यात आपलं रोजचं कुकर, फोडणी, वाळत घातलेले कपडे यांनी घर आणखी ओलसर होतं. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट हवा खरोखर बाहेर टाकतो की फिरवून परत आत सोडतो, हे चालू करून बघा. दमटपणा शोषणारं यंत्र पहिल्या महिन्यातच घ्या. पुढं कधी विकत घ्यायची वेळ आली आणि इमारत १९८०-९०च्या दशकातली असेल, तर भिंतींत पाणी मुरल्याचा इतिहास आहे का ते सोसायटीच्या कागदपत्रांत वाचूनच सही करा. त्या काळातल्या गळक्या इमारतींनी या किनाऱ्यावर हजारो कुटुंबांची पुंजी खाल्ली.

नोकरीत मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती यजमानांच्या नोकरीची. घरून काम करता येतं, हे आज खरं आहे. कंपनीनं उद्या आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला बोलावलं तर? टोरंटोतल्या बँका आणि विमा कंपन्या माणसांना परत बोलावत आहेत, हे तुम्ही बघताच आहात. ब्रॅम्प्टनहून ट्रेननं जाता येतं, बेटावरून नाही. म्हणून 'साहेबांना चालतं' यावर विसंबू नका. दुसऱ्या प्रांतातून कायम काम करायची परवानगी लेखी हवी, कंपनीच्या पगार विभागाला कळवलेली हवी, कारण वर्षाच्या ३१ डिसेंबरला तुम्ही ज्या प्रांताचे रहिवासी, त्या प्रांताचा कर लागतो. टोरंटोचं घड्याळ पुढं असतं, म्हणजे तिथली सकाळची मीटिंग यजमानांना पहाटे उठून करावी लागेल. काहींना हे आवडतं, दुपारी मोकळे होतात. आणि ती नोकरी गेलीच तर इथला बाजार लहान आहे. प्रांताचं सरकार, विद्यापीठ, रुग्णालयं, एस्क्विमॉल्टचा नौदल तळ आणि काही मध्यम सॉफ्टवेअर कंपन्या, एवढ्यातच शोधावं लागतं.

तुमची बाजू उलट भक्कम आहे, आणि मला वाटतं हे घरात कुणी मोठ्यानं बोललेलं नाही. ईसीईंची या प्रांतात सतत गरज आहे. ऑन्टारिओची नोंदणी असलेल्यांना प्रांतांमधल्या करारामुळे इथल्या नोंदणीसाठी पुन्हा शिकावं लागत नाही, अर्ज करावा लागतो. परवानाधारक डेकेअरमधल्या ईसीईंना पगारावर तासाला ठरावीक भर प्रांत सरकार देतं. तेव्हा मागून फरफटत येणारी बायको म्हणून येऊ नका. आधी तुमचं प्रमाणपत्र हातात घ्या, शक्य तर नोकरीही. शहरात पहिल्या दिवसापासून ज्याला रोज दहा माणसं भेटतात, त्याचाच जम लवकर बसतो. घरून काम करणारा नवरा आणि नव्या गावात नोकरीशिवाय बसलेली बायको, ही घडी फार लवकर विस्कटते.

डॉक्टरांचं थोडक्यात. तुम्हा तिघांना इथल्या सरकारी आरोग्य योजनेत नाव घालता येईल, २०२० पासून तिचा हप्ताही नाही. पण आलेला महिना आणि पुढचे दोन महिने थांबावं लागतं, तोवर ऑन्टारिओचं कार्ड चालतं, ते टाकून देऊ नका. फॅमिली डॉक्टर मिळायला खूप वाट बघावी लागते. प्रांताच्या यादीत पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवा आणि निघताना ब्रॅम्प्टनच्या डॉक्टरांकडून सगळ्यांचे रिपोर्ट व तीन महिन्यांची औषधं घेऊन या. सासूबाईंना सुपर व्हिसावर तिथंही सरकारी योजना नव्हती, इथंही नसेल. त्यांचा सगळा भार खासगी विम्यावर आहे, आणि तो बहुधा अचानक आलेल्या आजारालाच पैसे देतो, जुन्या गुडघेदुखीला नाही. त्यामुळे 'तिथं आईची ट्रीटमेंट होईल' अशी कुणाची कल्पना असेल तर ती आताच दूर करा. हवा मदत करेल, तपासण्या आणि फिजिओथेरपी खिशातूनच.

गाडीच्या विम्यात मात्र सुखद धक्का बसेल. ब्रॅम्प्टनचे हप्ते ऑन्टारिओत सगळ्यात चढे गणले जातात. इथं मूळ विमा प्रांताच्या एकाच महामंडळाकडून घ्यायचा असतो आणि तो बहुतेकांना तिथल्यापेक्षा स्वस्त पडतो.

आता माणसांकडे येते. तुमच्या पत्राचा जीव तिथं आहे, आणि या बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे. ब्रॅम्प्टनमध्ये निम्म्याहून जास्त लोक दक्षिण आशियाई आहेत. व्हिक्टोरिया आणि भोवतालच्या गावांची सगळी मिळून वस्ती चार लाखांच्या आसपास, आणि त्यांत आपल्यासारखी माणसं शंभरात पाचच्या जवळपास. भारतीय किराणा मिळतो, पण दुकानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मराठी कुटुंबं आहेत, एकमेकांना ओळखतात, गणपतीला एकत्र जमतात; पण मिसिसागा-ब्रॅम्प्टनच्या मंडळांचा जो पसारा आहे, नाटक, ढोल-ताशा, शनिवारची शाळा, तो इथं नाही. मोठा कार्यक्रम बघायचा, लग्नाची खरेदी करायची तर मुख्य भूमीवरचं, व्हँकुव्हरजवळचं सरे गाठायचं. सरे नकाशावर जवळ दिसतं. प्रत्यक्षात स्वार्ट्झ बेच्या धक्क्यापर्यंत अर्धा-पाऊण तास, रांगेत थांबणं, मग ९५ मिनिटांची फेरीबोट, पुढं गाडी. दारापासून दारापर्यंत चार तास धरा, लाँग वीकेंडला आरक्षण नसेल तर जास्तच, आणि जोराचा वारा सुटला की फेऱ्या रद्द. भारतातून येणाऱ्या माणसाला व्हँकुव्हरला उतरून पुढं आणखी एक टप्पा करावा लागतो, हे सासूबाईंच्या पुढच्या प्रवासातही धरा.

बागेतल्या आज्यांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय. मी ते तीनदा वाचलं. सासूबाईंचं सहा महिन्यांचं आयुष्य त्या बाकावर आहे. इथं येऊन त्यांना बारा महिने चालायला वाट मिळेल, पण वाटेत बोलायला कुणी मिळेल का, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर अगदी नकारार्थी नाही. टोपाझ ॲव्हेन्यूवर १९१२ साली सुरू झालेला गुरुद्वारा आहे. लाकडाच्या गिरण्यांत राबायला आलेल्या पंजाब्यांनी उभा केलेला, आणि तिथं लंगरच्या पंगतीत बसलेल्या बायकांना भाषा अडत नाही. त्यांची पंजाबी आणि सासूबाईंची हिंदी ब्रॅम्प्टनच्या बागेत जुळलीच आहे ना? सानिच द्वीपकल्पावर हिंदू मंदिरही आहे. शिवाय या शहरात चारांतलं जवळजवळ एक माणूस पासष्टीच्या पुढचं आहे, त्यामुळे ज्येष्ठांची केंद्रं, हळू व्यायामाचे वर्ग, वाकून उभ्या राहणाऱ्या बस हे सगळं इथं भरपूर. फक्त भाषा इंग्रजी. पण कुणीतरी पहिले दोन महिने त्यांना हाताला धरून न्यायला हवं. ते कोण करणार हे आत्ताच ठरवा, आणि ते तुम्हीच करणार असं गृहीत धरलं जात असेल तर स्पष्ट बोला. आई यजमानांची आहे, घरून काम करणारेही तेच आहेत.

आणि सासूबाईंचं 'तुम्ही ठरवाल ते'. मुलाच्या घरी राहणाऱ्या आईनं दुसरं काय म्हणावं? प्रश्नच असा विचारला गेला की तिला हो किंवा नाही म्हणता येत नाही. तुम्ही दोघी एकट्या असताना, भाजी निवडताना वगैरे, वेगळं विचारून बघा. दिवसातला कुठला वेळ सगळ्यात लांबतो? रेवदंड्याला थंडीचे चार महिने काढायला आवडेल का? तिथं त्यांचं घर उघडं राहू शकत असेल, कुणी सोबतीला असेल, तर नोव्हेंबरात त्यांनी तिकडं जावं आणि एप्रिलमध्ये परत यावं, हा मार्गही आहे. सुपर व्हिसावर एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं, पण राहिलंच पाहिजे असं नाही. हा पर्याय तुमच्या पत्रात कुठेच नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. कदाचित मनगट मोडल्याचं अपराधीपण यजमानांना इतकं टोचतंय की आईला दूर पाठवण्याचा विचारही त्यांना सहन होत नाही. तसं असेल तर घर विकण्याआधी ते दुःख बोलून मोकळं व्हायला हवं. नाहीतर बेटावर आल्यावरही ते तसंच राहील.

मुलीची मला फार चिंता नाही. चौथीतलं मूल महिन्याभरात मैत्रिणी करतं. सहावी-सातवीत हलवणं जास्त जड जातं. म्हणून यायचंच असेल तर पुढच्या दोन वर्षांत या. शाळा पत्त्याप्रमाणे मिळते, तेव्हा भाड्याचा करार करण्याआधी त्या शाळेत जागा आहे का हे शाळा मंडळाला फोन करून विचारा. मराठी शाळा मात्र तुम्हाला ऑनलाइन चालू ठेवावी लागेल, किंवा इथल्या चार घरांना जमवून स्वतः सुरू करावी लागेल. तुम्ही लहान मुलांना शिकवण्यात मुरलेल्या आहात. इथल्या घरांना तुमच्यासारखी बाई मिळाली तर ती हातची सोडणार नाहीत.

तर यंदाच्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात चौघंही दोन आठवड्यांसाठी या. मुलीची शाळा बुडेल, बुडू द्या. हॉटेलात उतरू नका, स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, जेम्स बे किंवा सानिचमध्ये. यजमानांना तिथून रोजचं काम टोरंटोच्या वेळेनं करू द्या. बागा आणि पर्यटनस्थळं सोडा. सासूबाईंना रोज छत्री घेऊन बाहेर न्या आणि चौथ्या-पाचव्या दिवशी त्या आपणहून चपला घालतात का बघा. एक रविवार गुरुद्वाऱ्यात काढा. एक दिवस फेरीनं सरेला जाऊन त्याच दिवशी परत या, म्हणजे ते अंतर अंगाला कळेल. तुम्ही दोन-तीन डेकेअरमध्ये भेटीची वेळ मागा. रात्री मुलगी झोपल्यावर दोघं बसून भाड्याचा, विम्याचा, एका पगारावर महिना निघेल का याचा हिशेब कागदावर मांडा.

त्या दोन आठवड्यांनंतरही तुमचं मन घेत नसेल तर तसं सांगा, आणि मग सासूबाईंच्या रेवदंड्याच्या हिवाळ्याची तयारी करा. घेत असेल तर जूनमध्ये शाळा संपल्यावर सामान हलवा, ब्रॅम्प्टनचा भाडेकरू मे महिन्यातच बघायला लागा. आणि यायच्या आधी मला पुन्हा लिहा. बुरशी नसलेलं घर शोधायला मी स्वतः तुमच्याबरोबर येईन.